आयत्या इमेजवर नागोबा

कार्यशाळेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाला तिसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "मॅडम, कालचा प्रोग्रॅम दिसत नाहीये." मला वाटलं, चुकीचं फोल्डर उघडलं असेल. तेवढ्यात तिच्या मागून आणखी एक हात वर झाला, मग आणखी चार. दहा मिनिटांत सगळी लॅब माझ्याकडे बघत होती. बेचाळीस जणांचं आदल्या दिवसाचं काम गेलं होतं आणि ते माझ्यामुळे गेलं होतं. डॉकर म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एका तयार पुडक्यात, म्हणजे 'इमेज'मध्ये, बांधून देणारी सोय; ते पुडकं चालू केलं की झाला कंटेनर. मी फळ्यावर लिहून दिलेल्या 'डॉकर रन'च्या ओळीत 'आरएम' हा पर्याय होता, म्हणजे कंटेनर थांबला की पुसून टाक. लॅपटॉपवरचं फोल्डर कंटेनरला जोडून देणारा पर्याय मात्र लिहायचा राहिला होता. मुलांनी दिवसभर जे लिहिलं ते कंटेनरच्या पोटात लिहिलं. संध्याकाळी साडेपाचला त्यांनी टर्मिनल बंद केलं आणि पोटासकट सगळं गेलं.

चूक माझीच होती, ती तिथल्या तिथे कबूलही केली. मला खरी टोचणी लागली ती नंतर, चहाच्या वेळी. बेचाळीस जणांपैकी एकालाही आदल्या दिवशी "आपली फाइल नेमकी कुठे साठतेय?" असं विचारावंसं वाटलं नव्हतं. मुलं मठ्ठ नव्हती, चांगली चुणचुणीत होती. मीच त्यांना इतका आयता सेटअप दिला होता की तो प्रश्न पडायला जागाच उरली नव्हती.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते आणि वर्षातून एकदा एका तालुक्याच्या ठिकाणच्या इंजिनीअरिंग कॉलेजात दोन दिवसांची कार्यशाळा घेते. विषय साधा असतो: पायथनमध्ये छोटं वेब अॅप्लिकेशन आणि त्यामागे पोस्टग्रेस डेटाबेस. आदल्या वर्षी मी डॉकर नेलंच नव्हतं. "प्रत्येकाने आपापल्या मशीनवर पायथन आणि पोस्टग्रेस टाकून यावं," असं आठवडाभर आधी कळवलं होतं. मग पहिला अख्खा दिवस त्यातच गेला. कुणाकडे तीन पायथन, त्यातलं नक्की कोणतं चालतंय ते पाथलाच, म्हणजे प्रोग्रॅम कुठे शोधायचे त्या यादीलाच, ठाऊक. कुणी पोस्टग्रेसचा पासवर्ड इन्स्टॉल करतानाच विसरलेला. एकाच्या लॅपटॉपवर कॉलेजच्या अँटिव्हायरसने पोर्टच अडवलेलं. दुपारी तीनला मी मोजलं तर बेचाळीसपैकी एकोणीस जणांचं चालत होतं. त्या एकोणीस जणांपैकी बहुतेकांचा भाऊ, बहीण नाहीतर शेजारचा दादा आयटीत होता. हे मी मुद्दाम विचारून घेतलं.

म्हणून तयार इमेजेसना सरसकट नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. आमच्या पिढीच्या काही मंडळींना वाटतं की सेटअप करताना डोकं आपटून घेणं हेच खरं शिक्षण. "आम्ही रात्र रात्र जागून लिनक्स टाकलं, ग्रबने विंडोज खाल्लं, तेव्हा कुठे कळलं." खरं आहे. पण त्या रात्री जागून जे टिकले तेच आज हे सांगायला उरले आहेत. पहिल्या एररला लॅपटॉप मिटून "हे आपल्याला जमणार नाही" म्हणत बँकेच्या परीक्षांच्या क्लासला गेलेली मुलं ही गोष्ट सांगायला कुठल्या व्यासपीठावर येत नाहीत. इन्स्टॉलेशनची पहिली पायरी बुद्धीची परीक्षा घेत नाही. घरात विचारायला कुणी आहे का, रॅम आठ जीबी आहे का आणि मोबाइलचा डेटा संपला तर पुन्हा रिचार्ज मारता येईल का, एवढंच ती तपासते. ही पायरी इमेजने मोडून काढली तर मला आनंदच आहे.

तरीही माझं म्हणणं असं आहे: कॉलेजांनी, विद्यापीठांनी आणि प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनी तयार इमेज पहिल्या दिवशी जरूर द्यावी, पण जिची डॉकरफाइल, म्हणजे इमेज बांधायच्या आज्ञांची फाइल, वर्गात उघडून वाचलेली नाही आणि मुलांनी निदान एकदा स्वतःच्या हाताने बांधलेली नाही, ती इमेज अभ्यासक्रमात येऊ देऊ नये. आज होतंय ते नेमकं उलटं. यूट्यूबवरच्या व्हिडिओखाली एक ओळ असते, ती चिकटवायची, काळ्या पडद्यावर हिरव्या ओळी धावल्या की स्क्रीनशॉट काढायचा, जर्नलमध्ये लावायचा आणि सबमिशन संपलं.

थोडं यंत्राबद्दल. लिनक्सवर प्रोग्रॅमला वेगळ्या खोलीत कोंडायची युक्ती जुनी आहे. 'सीएचरूट' हा सिस्टिम कॉल लिनक्सचा पूर्वज असलेल्या युनिक्सच्या १९७९ च्या आवृत्तीतला. कुठल्या प्रोसेसला किती मेमरी, किती प्रोसेसर द्यायचा हे ठरवणारे सीग्रुप्स २००८ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, आले. मार्च २०१३ मध्ये सांता क्लाराच्या पायकॉन परिषदेत सॉलोमन हाइक्सने पाच मिनिटांच्या छोट्याशा भाषणात डॉकर पहिल्यांदा लोकांसमोर आणलं. त्यात कोंडण्याची युक्ती फारशी नवी नव्हती. नवं होतं ते वेष्टन. अख्खी फाइलसिस्टिम थराथरांत बांधायची, नाव द्यायचं, एका ठिकाणी ठेवायची आणि जगात कुणीही एका ओळीत उतरवून घ्यायची. प्रत्येक थर कोणत्या आज्ञेतून आला ते डॉकरफाइल नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेलं असतं. पहिली ओळ 'फ्रॉम', म्हणजे कुणाच्या पायावर आपण बांधतोय. बहुतेक डॉकरफायली पंधरा-वीस ओळींत संपतात. शिक्षकाला वर्गात वाचून दाखवायला एक तास पुरतो. आपल्याकडे मात्र इमेज सर्रास हातात येते आणि ही फाइल कुणी उघडत नाही.

आयत्या सेटअपचं काय होतं हे महाराष्ट्रातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांना मी वेगळं सांगायला नको. टर्बो सी++ आठवा. निळा पडदा, पिवळी अक्षरं, आल्ट-एफ-नाइन, कंट्रोल-एफ-नाइन. बोरलँड कंपनीचं हे पॅकेज, त्याची आपल्याकडे सगळ्यात जास्त पसरलेली ३.० ही आवृत्ती नव्वदीच्या अगदी सुरुवातीची, डॉसवर चालणारी. सी++ ची पहिली आंतरराष्ट्रीय प्रमाण आवृत्ती आली १९९८ मध्ये. म्हणजे आपली मुलं कित्येक वर्षं ज्या कंपायलरवर सी++ शिकली तो भाषेचं प्रमाण ठरण्याआधीचा होता. त्यात नेमस्पेस नाही, 'बूल' हा प्रकार नाही, स्टँडर्ड टेम्प्लेट लायब्ररी नाही. 'व्हॉइड मेन', 'सीएलआरएससीआर', शेवटी 'गेटसीएच', हेच वळण बोटांना लागलं. ग्राफिक्सच्या प्रॅक्टिकलला 'इनिटग्राफ'मध्ये सी ड्राइव्हवरच्या टीसी फोल्डरातल्या बीजीआयचा पत्ता द्यायचा असे. तो का द्यायचा हे सांगणारा शिक्षक मला भेटला नाही. उलटा स्लॅश दोनदा का, हेही गूढच होतं. परीक्षेत 'इंट'ची कमाल किंमत ३२,७६७ लिहिली की गुण मिळत. बाहेरच्या जगात तेव्हाही साध्या कंपायलरमध्ये ती दोनशे चौदा कोटींच्या पुढे गेलेली होती.

आणि मग चौसष्ट बिटांचं विंडोज आलं. त्यावर सोळा बिटांचे डॉसचे प्रोग्रॅम चालतच नाहीत. त्या क्षणी टर्बो सी सोडून द्यायची नामी संधी होती. आपण काय केलं? कुणीतरी टर्बो सी आणि जुन्या डॉसचं सोंग घेणारा डॉसबॉक्स हा प्रोग्रॅम एकत्र बांधून एक झिप फाइल केली आणि ती पेनड्राइव्हवरून पेनड्राइव्हवर फिरत राज्यभर पोचली. ती कुणी बांधली, आत आणखी काय आहे, कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायचंही नव्हतं. डबल क्लिक केलं की निळा पडदा उघडायचा, मग विचारायचं कशाला? कंटेनर हा शब्द आपल्याकडे रूढ व्हायच्या आधी आपण कंटेनर इमेज वापरत होतो, असं मी मुलांना सांगते तेव्हा ती हसतात. मला त्यात हसण्यासारखं फार काही वाटत नाही. त्या झिपने मुलांचा त्रास वाचवला यात शंका नाही. पण तिने अभ्यासक्रमाला कित्येक वर्षं गोठवूनही ठेवलं, कारण चालतंय तोवर कुणाला ते उघडून बघायची गरज पडली नाही. जे उघडता येत नाही ते बदलताही येत नाही.

आज त्याच जागी हडूप आहे, प्रचंड डेटा अनेक मशीनवर वाटून हाताळणारं सॉफ्टवेअर. बिग डेटाच्या प्रॅक्टिकलला मजकुरातले शब्द मोजायचे असतात. प्रोग्रॅम पन्नास-साठ ओळींचा. तो चालवण्यासाठी जावाची ठरावीक आवृत्ती, जावा-होमचा पत्ता, स्वतःच्याच मशीनवर पासवर्डशिवाय एसएसएचने शिरता यावं म्हणून किल्ली, चार एक्सएमएल फायली आणि नेमनोड (कोणती फाइल कुठे आहे ते लक्षात ठेवणारा भाग) फॉरमॅट करायची आज्ञा. काही अडलं की मुलं नेमनोड पुन्हा फॉरमॅट करतात. तसं केलं की नेमनोडला नवा क्लस्टर क्रमांक मिळतो, प्रत्यक्ष डेटा साठवणारा डेटानोड जुन्याच क्रमांकाला चिकटून बसतो आणि सुरूच होत नाही. 'जेपीएस' लिहून यादी बघायची, डेटानोड गायब. मग पुन्हा फॉरमॅट. हा खेळ मी रात्री अकरा वाजता फोनवर ऐकलाय, एका भाच्याकडून. "मावशी, सगळं बरोबर केलंय गं, तरी येत नाही." अशा वेळी तयार इमेज देऊ नका असं म्हणणं म्हणजे निव्वळ छळ आहे. त्या मुलाला शब्द मोजायचे आहेत, क्लस्टरची व्यवस्था बघायची नोकरी नाही करायची.

पण त्या प्रॅक्टिकलसाठी जी तयार वस्तू वर्षानुवर्षं कॉलेजांत फिरली तिची पुढची कहाणी ऐका. क्लाउडेरा कंपनीचं क्विकस्टार्ट नावाचं आयतं पॅकेज होतं, व्हर्च्युअल मशीन म्हणूनही आणि डॉकर इमेज म्हणूनही. पाया सेंटओएस ६ या लिनक्सचा. कंपनीने ते सांभाळायचं सोडलं आणि २०२१ पासून तिची डाउनलोड्स सदस्यत्वाच्या कुंपणाआड गेली. ज्यांच्याकडे इमेजची जुनी प्रत होती ते म्हणाले, आपलं काय बिघडलं, आपल्याकडे डबा सीलबंद आहे. आता तोच सीलबंद डबा नव्या विंडोज लॅपटॉपवर डब्ल्यूएसएल-२ मध्ये, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायच्या सोयीत, उघडून बघा. कंटेनर सुरू होतो आणि चकार शब्द न काढता १३९ हा आकडा टाकून मरतो. कारण असं की सेंटओएस ६ मधली जुनी सी लायब्ररी कर्नलकडे 'व्हीसिसकॉल' नावाच्या जुन्या दाराने जाते आणि डब्ल्यूएसएल-२ सारख्या काही नव्या कर्नलांत ते दार सुरक्षेसाठी बंद असतं. कर्नलला एका सेटिंगने ते पुन्हा उघडायला लावता येतं आणि इमेज चालते. पण हे सुचायला कंटेनर स्वतःचा कर्नल आणत नाही, यजमानाचाच वापरतो, एवढं तरी ठाऊक हवं. ज्याने फक्त ओळ चिकटवली आहे त्याला १३९ पुढे हात टेकावेच लागतात.

कुणी म्हणेल, तुम्ही सांगता तशी डॉकरफाइल सांभाळली तरी काय उपयोग? तीही कुजतेच. हा आक्षेप खरा आहे आणि डॉकरफाइलचे भक्त तो पुरेसा मनावर घेत नाहीत. डॉकरफाइल ही पाककृती असेल तर तिचा किराणा बाहेरून येतो. डेबियन ९ या लिनक्सची पॅकेजेस २०२३ मध्ये नेहमीच्या सर्व्हरवरून उचलून जुन्यांच्या अर्काइव्हमध्ये हलवली गेली आणि त्या पायावरच्या असंख्य डॉकरफायली एका दिवसात '४०४', म्हणजे सापडत नाही, म्हणू लागल्या. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली आणि आरशांची, म्हणजे पॅकेजेसच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांची, यादी देणारा पत्ताच बंद झाला. काल बांधली गेलेली इमेज आज बांधली जात नाही. शिवाय एकच डॉकरफाइल आज आणि सहा महिन्यांनी चालवली तर आतल्या आवृत्त्या वेगळ्या येतात. 'लेटेस्ट' हे लेबल तर शुद्ध फसवणूक आहे. ते नवीन असल्याची हमी देत नाही, ते फक्त एक नाव आहे, ज्याने ढकलली त्याने लावलेलं. म्हणून मी फक्त पाककृती पुरे असं म्हणत नाही. पाककृतीही हवी आणि शिजवलेल्या अन्नाचा नमुनाही हवा: डॉकरफाइल, तिच्यात पायाची इमेज लेबलाने न लिहिता शा-२५६ च्या डायजेस्टने, म्हणजे इमेजच्या आतल्या मजकुरावरून निघणाऱ्या ठशाने, लिहिलेली, आणि सोबत 'डॉकर सेव्ह'ने काढलेली टार फाइल, म्हणजे अख्खी इमेज एका फाइलीत. इमेज चालेनाशी झाली तर पाककृती बघून दुरुस्त करता येते. पाककृती चालेनाशी झाली तर इमेजमध्ये काय होतं ते बघता येतं. दोन्हींतलं एकच असेल तर अडचणीच्या दिवशी हातात अर्धंच असतं.

टार फाइल स्वतःकडे ठेवायचं आणखी एक कारण आहे आणि ते सरळ पैशांचं आहे. तयार इमेजेस जिथे असतात ती दुकानं खाजगी आहेत. डॉकर हबने नोव्हेंबर २०२० मध्ये लॉगिन न करणाऱ्यांना एका आयपी पत्त्यावरून सहा तासांत १०० डाउनलोड्सची मर्यादा घातली. लॉगिन केलं तर २००. शहरातल्या एकट्या माणसाला हा आकडा जाणवणारही नाही. आता कॉलेजची लॅब डोळ्यांसमोर आणा. साठ मुलं, सगळी एकाच सार्वजनिक पत्त्यामागे. पायथनची एक, पोस्टग्रेसची एक, अशा दोन इमेजेस प्रत्येकाने ओढल्या तर ५१ व्या मुलापाशी मर्यादा संपते. उरलेल्या दहा जणांना "टू मेनी रिक्वेस्ट्स" आणि त्यांनी सहा तास थांबायचं, तोवर लॅबला कुलूप. त्यात एक इमेज ४०० एमबीची धरली तर साठ जणांचे झाले २४ जीबी. ५० एमबीपीएसची लाइन दुसरं काहीही न करता फक्त हेच ओढत बसली तरी तासाच्या वर जातो, आणि कॉलेजची लाइन अशी एकाच कामाला मोकळी कधी असते?

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२१ मध्ये, लॅपटॉपवर डॉकर चालवायचं पॅकेज असलेल्या डॉकर डेस्कटॉपचे नियम बदलले. २५० पेक्षा जास्त कर्मचारी किंवा वर्षाला एक कोटी डॉलरहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना पैसे भरणं सक्तीचं झालं. शिक्षणाला सूट राहिली, हे खरं. मार्च २०२३ मध्ये मुक्त प्रकल्पांची मोफत टीम-खाती बंद करायची घोषणा झाली, आरडाओरडा झाला आणि महिना संपायच्या आत माघार घेतली गेली. २०२५ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीने आपल्या बिटनामी या संग्रहातल्या मोफत इमेजेसना कात्री लावली. जुन्या इमेजेस 'लेगसी' नावाच्या वेगळ्या खात्यात हलवल्या, जिथे सुधारणा येणार नाहीत. वर्षानुवर्षं त्यांवर विसंबलेल्या लोकांची पळापळ झाली. मी या कंपन्यांना दोष देत नाही. सर्व्हर चालवायला आणि बँडविड्थला पैसे लागतात, धर्मादाय पाणपोई कुणी कायमची चालवत नाही. पण ज्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम चार-पाच वर्षं तोच राहतो त्याने त्यातलं प्रॅक्टिकल अशा दुकानाच्या मर्जीवर टांगून ठेवू नये.

उपाय महागडा नाही. लॅबमधल्या एका मशीनवर स्वतःची रजिस्ट्री, म्हणजे इमेजेसचं कोठार, चालवता येते. ती स्वतःच एक छोटी इमेज आहे, ५००० नंबरच्या पोर्टवर बसते. इमेज बाहेरून एकदाच आणायची, साठ मुलं आतल्या नेटवर्कवरून ओढतात. प्रमाणपत्र नसलेल्या रजिस्ट्रीवर डॉकर विश्वास ठेवत नाही, त्यामुळे प्रत्येक मशीनच्या सेटिंगमध्ये तिचा पत्ता एकदा लिहावा लागतो, एवढीच काय ती कटकट. तेही नको असेल तर पेनड्राइव्ह आहेच. टार फाइल कॉपी करायची, 'डॉकर लोड'. टर्बो सी ज्या वाटेने फिरला त्याच वाटेने हेही फिरू द्या, फक्त टारच्या शेजारी डॉकरफाइल असली पाहिजे.

विश्वासाबद्दल फार बोलत नाही, कारण तो सगळ्यात जास्त बोलला जाणारा मुद्दा आहे. तरी दोन गोष्टी. २०१८ मध्ये 'डॉकर१२३३२१' नावाच्या एका खात्यावरच्या १७ इमेजेस उघडकीला आल्या. त्या चालवणाऱ्याच्या मशीनवर गुपचूप मोनेरो ही आभासी नाणी खोदायची सोय त्यांत होती, आणि काढून टाकेपर्यंत त्या पन्नास लाखांहून जास्त वेळा ओढल्या गेल्या होत्या. दुसरी गोष्ट जास्त बारीक आहे. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला आणि त्यातून फायली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड लायब्ररीतलं चोरदार सापडलं. ते चोरदार असलेल्या काही डेबियन इमेजेस डॉकर हबवर अजून पडून आहेत आणि त्यांच्यावर रचलेल्या इतर इमेजेसही, हे बायनार्ली या कंपनीने २०२५ मध्ये दाखवलं. डेबियनच्या लोकांचं म्हणणं होतं की त्या विकासकाळातल्या जुन्या इमेजेस आहेत, इतिहास म्हणून ठेवल्यात, आणि नुसत्या कंटेनरमध्ये तो धोका प्रत्यक्षात यायला बऱ्याच गोष्टी जुळून याव्या लागतात. ते मला पटतं. पण मुद्दा वेगळा आहे. फ्रॉइंडला अर्ध्या सेकंदाचा फरक खटकला, कारण आपली मशीन एरवी कशी वागते हे त्याला ठाऊक होतं. आपण तयार करतोय त्या मुलांना काय ठाऊक असणार आहे?

काही ठिकाणी इमेज हा उपायच नाही, हेही सांगून टाकते. पहिल्या वर्षाच्या मुलाला पायथनमध्ये पाढे छापायचे असतील तर त्याला डॉकर शिकवणं म्हणजे चटणी वाटायला गिरणी आणणं. त्याने पायथन साधं इन्स्टॉल करावं आणि त्यासोबत येणाऱ्या आयडल या एडिटरमध्ये लिहावं. विंडोजवर डॉकर म्हणजे आत एक लिनक्स व्हर्च्युअल मशीन चालवणं. चार जीबी रॅमच्या मशीनवर ते रांगतं. त्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन सुरू असावं लागतं. एका लॅबमध्ये मला तिसऱ्याच मिनिटाला कळलं की बायोसला पासवर्ड आहे आणि तो ज्या सरांना ठाऊक होता त्यांची बदली झालीय. लॅबचे काका म्हणाले, "मॅडम, त्यांना फोन लावतो, पण ते गणपतीला गावी गेलेत." तो अर्धा दिवस आम्ही फळ्यावर काढला. तसा वाईट गेला नाही.

लिनक्सच्या लॅबमध्ये वेगळीच गंमत. फोल्डर जोडून दिलं की कंटेनर आतून रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, म्हणून फायली लिहितो. मग मुलाला स्वतःचीच फाइल पुसता येत नाही. "मॅडम, फाइल माझी, पण मालक रूट." याचं उत्तर युजर आयडी म्हणजे काय इथपासून सुरू होतं आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या विषयात जे पान पाठ करून टाकलं जातं ते इथे पहिल्यांदा जिवंत होतं. असले अडथळे मला काढून टाकायचे नाहीत. पाथचा घोळ आणि विसरलेला पासवर्ड काढून टाकायचा आहे. फायली कुणाच्या, कुठे साठतात, पोर्ट कुणाचं, कर्नल कुणाचा हे प्रश्न राहिले पाहिजेत. तयार इमेज दोन्ही प्रकारचे अडथळे एकाच फडक्याने पुसते, म्हणून पुसलेलं काय होतं ते शिक्षकाला पुन्हा मुद्दाम मांडावं लागतं.

कंपन्यांतही हेच बघते. नवा मुलगा रुजू होतो, एडिटर उघडतो, रेपॉझिटरीतली डेव्ह-कंटेनरची फाइल आपोआप सगळं उभं करते आणि जेवणाच्या सुट्टीआधी त्याचा पहिला बदल रिव्ह्यूला पडतो. मॅनेजर खूश. दीड वर्षाने पायाची इमेज बदलायची वेळ येते तेव्हा टीममधल्या नऊपैकी एकजण ती फाइल उघडायचं धाडस करतो, आणि तो नेमका नोटीस पिरियडवर असतो.

तर मागणी फार मोठी नाही. अभ्यासक्रमात सॉफ्टवेअरच्या नावाची एक ओळ असते, तिच्या जागी विद्यापीठाने डॉकरफाइल छापावी, आवृत्त्या आणि डायजेस्टसकट. शेवटी एक आख्खी पुरवणी जोडतात, त्यात दोन पानं वाढतील. ती फाइल बदलायची मुभा कॉलेजांना असावी, बदल लिहून ठेवायच्या अटीवर. सत्राच्या मध्यावर एक प्रॅक्टिकल असं असावं की तयार इमेज काढून घ्यायची आणि गटाने ती पुन्हा बांधायची. ओरलला एक्स्टर्नलने "हडूपचे फायदे सांग"ऐवजी "तुझ्या इमेजचा पाया कोणता आणि चौथी ओळ काढली तर काय होईल?" एवढं विचारावं. जर्नलमधले स्क्रीनशॉट आपोआप कमी होतील. शिक्षकांवर आणखी ओझं, असं कुणी म्हणेल. आहेच ओझं. पण गुगल फॉर्मवर हजेरी आणि नॅकच्या फायली सांभाळणाऱ्या शिक्षकांना त्या मानाने हे काम तरी त्यांच्या विषयाचं आहे.

यंदाच्या कार्यशाळेत मी पहिल्या दिवशी तयार इमेज दिली, फोल्डर नीट जोडून. दुसऱ्या दिवशी ती काढून घेतली आणि पायथनच्या 'स्लिम' इमेजवर स्वतः बांधा म्हटलं. बाराच्या सुमाराला सगळे एकाच जागी अडकले. पोस्टग्रेसशी बोलणारी सायकोपीजी लायब्ररी इन्स्टॉल होईना, 'पीजी-कॉन्फिग सापडत नाही' म्हणून रडत होती. मी काही सांगितलं नाही, बाहेर जाऊन उभी राहिले. 'बायनरी' नावाचं तयार पॅकेज घेऊन ही अडचण टाळता येते आणि दोघातिघांनी तेच केलं. चालतंय ना, ठीक आहे. पण मागच्या बाकावरच्या एका मुलीने एररमधली ओळ अन् ओळ वाचली, 'स्लिम' म्हणजे यातून काय काय काढून टाकलंय ते शोधलं आणि सी कंपायलर व 'लिबपीक्यू-डेव्ह' ही दोन पॅकेजं आधी टाकली. जेवायच्या सुट्टीत तिची इमेज बांधून झाली. मी तिच्या मागे उभी राहून डॉकरफाइल वाचली. पाचव्या ओळीवर तिने मराठीत शेरा मारून ठेवला होता: "हे काढू नये. काढलं तर सायकोपीजी बसत नाही. का ते मला विचारा."